पावती पुस्तकावर रेडिओ चालत नाही : उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी आणि विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत लांबच्या प्रवासाला निघालं की डायलच्या डाव्या टोकाला, 88 ते 92 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एखादं ख्रिस्ती स्टेशन हमखास लागतं. शंभर मैल पुढे जा, आकडा बदलतो, पण निवेदक तोच आणि गाण्यांचा बाजही तोच. जाहिराती नाहीत आणि सरकारी अनुदानही नाही. 2025 च्या जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे 110 कोटी डॉलर काढून घेतले आणि गावोगावची सार्वजनिक स्टेशनं हादरली, तेव्हा या नेटवर्कांना त्याची झळ लागली नाही. ती त्या पैशावर उभीच नव्हती. मग ‘यांना जमतं तर आपल्याला का नाही, आपलंही एक मराठी एफएम काढू’ असं कुणालाही वाटावं, यात नवल नाही.

जमेल. पण त्या नेटवर्कांचं जे दिसतं, म्हणजे टॉवर आणि ट्रान्समीटर, त्याची नक्कल आधी करू नका. आधी दरमहा देणारी माणसं, मग मंडळाची घटनादुरुस्ती, मग परवाना, आणि ट्रान्समीटर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की काय होतं, तेच पुढे लिहिलं आहे. आम्ही प्रसारणाच्या तांत्रिक आणि परवान्याच्या बाजूला काम करतो, त्यामुळे धर्मविषयक चर्चेत शिरत नाही. त्यांचा देव त्यांच्यापाशी, आपल्याला त्यांचा हिशेब शिकायचा आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण के-लव्ह या ख्रिस्ती संगीताच्या नेटवर्कचं. ते चालवणारी एज्युकेशनल मीडिया फाउंडेशन ही संस्था 1982 साली कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा इथे एका स्टेशनवर सुरू झाली. आज तिचे छोटेमोठे मिळून हजाराच्या आसपास सिग्नल आहेत. 2017 मध्ये तिने लॉस एंजेलिसचं 100.3 मेगाहर्ट्झचं स्टेशन घेतलं 5 कोटी 77 लाख डॉलरना. 2018 मध्ये शिकागोचं 97.9 घेतलं 2 कोटी 15 लाखांना. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या 95.5 सह सहा स्टेशनं मिळून 10 कोटी 35 लाखांना. एवढा पैसा कुठल्या धनाढ्याच्या एका धनादेशातून आला असेल असं वाटतं, पण या व्यवहारांचा पाया वेगळा आहे. महिन्याच्या महिन्याला आपोआप जमा होणाऱ्या लहान रकमा वर्षानुवर्षं येत राहिल्या, की त्या भरवशावर मोठे व्यवहार करता येतात.

आपल्याकडची सवय याच्या नेमकी उलट आहे. गणपतीला पावती पुस्तक फिरतं, दिवाळी कार्यक्रमाची तिकिटं विकली जातात, स्मरणिकेला जाहिराती मिळतात, वर्षाचा ताळेबंद जुळतो. रेडिओचा खर्च मात्र सण बघून येत नाही. टॉवरचं भाडं, वीज, विमा, कंत्राटी अभियंता, संगीताचे परवाने, इंटरनेट हे सगळं बारा महिने चालू. या कामाला पावती पुस्तकापेक्षा भिशीची शिस्त लागते.

एक गणित मांडून पाहू. समजा एका छोट्या स्टेशनचा वर्षाचा खर्च 60,000 डॉलर आहे आणि सरासरी देणगी महिन्याला 15 डॉलर. एक देणगीदार वर्षाला 180 डॉलर देतो, म्हणजे 334 माणसं हवीत, आणि तीही न गळणारी. गळती असतेच. बँकेचं कार्ड मुदत संपून बदलतं, हरवतं, गैरवापर झाला म्हणून बँक नवं पाठवते, आणि देणगीदाराच्या नकळत देणगी थांबते. म्हणून जाणती नेटवर्कं कार्डाऐवजी बँक खात्यातून थेट वळती होणारी रक्कम मागतात. खातं माणूस सहसा बदलत नाही. कार्डच असेल तर मुदत संपण्याच्या दोन महिने आधी फोन करणारा एक स्वयंसेवक ठेवा. हे काम ट्रान्समीटरच्या देखभालीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि कुणालाच ते करायचं नसतं. शिवाय 250 डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला लेखी पोच द्यावी लागते, नाहीतर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. देणगीच्या बदल्यात कार्यक्रमाचं तिकीट दिलं असेल, तर त्याची किंमत त्या पोचेत वजा दाखवा.

मागायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. बहुतेक नेटवर्कं वर्षभर हात पसरत नाहीत. वसंतात एकदा आणि शरदात एकदा, काही दिवस ठरवून, सगळा कार्यक्रम बाजूला ठेवून मागतात. त्या दिवसांत उद्दिष्ट आकड्यात सांगितलं जातं, किती जमलं ते तासातासाला कळवलं जातं, एखादा मोठा दाता ‘पुढच्या तासात येणाऱ्या प्रत्येक डॉलरमागे माझा एक’ असं कबूल करतो आणि फोनवर माणसं बसलेली असतात. मोहीम संपली की मागणं बंद. श्रोता कंटाळतो तो मागण्याला नव्हे, सतत आणि मोघम मागण्याला. ‘मराठी भाषा टिकवायला मदत करा’ यावर पैसे येत नाहीत. ‘शनिवार सकाळच्या मुलांच्या कार्यक्रमाला वर्षाला इतके लागतात, त्यातले इतके कमी पडतात’ यावर येतात.

जाहिरातींबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज असतो, म्हणून जरा सविस्तर. बिगरव्यापारी शैक्षणिक परवान्यावर जाहिरात चालत नाही, फक्त प्रायोजकाचा ऋणनिर्देश चालतो. व्यवसायाचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि तो काय विकतो याचं तटस्थ वर्णन, एवढंच. ‘सर्वोत्तम’, ‘सगळ्यात स्वस्त’, ‘दहा टक्के सूट’, ‘आजच फोन करा’, अमुक डॉलरपासून पुढे, यातलं काहीही नफा कमावणाऱ्या व्यवसायासाठी बोललात की नियम मोडला. आपले घर विकणारे एजंट आणि गृहकर्जवाले स्मरणिकेत जे छापतात, ते जसंच्या तसं हवेत गेलं तर तक्रार होऊ शकते आणि दंडही. खरी गंमत नाटकाच्या दौऱ्याची. मंडळ स्वतः ना-नफा संस्था म्हणून प्रयोग करत असेल तर तिकिटाची माहिती देता येते. तोच प्रयोग खासगी आयोजक करत असेल, तर ‘तिकीट 35 डॉलर, लवकर घ्या’ हे वाक्य चालणार नाही. निवेदकाला हा फरक लिहून द्या. माइकसमोर उत्साहात तो विसरतोच. एक सवलत मात्र आहे : 2017 पासून, सार्वजनिक प्रसारण निधी न घेणाऱ्या बिगरव्यापारी शैक्षणिक स्टेशनाला वर्षभरातल्या प्रसारणाच्या एक टक्क्यापर्यंत वेळ दुसऱ्या ना-नफा संस्थेसाठी निधी मागायला देता येतो. चोवीस तास चालणाऱ्या स्टेशनसाठी हे वर्षाला सुमारे 87 तास होतात. भूकंप, पूर अशा वेळी याचा उपयोग.

आता मंडळाच्या घटनेकडे वळू, कारण बहुतेक मंडळांचा अर्ज इथेच अडकेल. परवाना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (पुढे ‘आयोग’) देतं आणि परकीय नियंत्रणाबाबत कायदा कडक आहे. ना-नफा संस्थेत भागभांडवल नसतं, म्हणून संचालक मंडळातल्या मतांची मोजणी होते. अमेरिकी नागरिक नसलेले सदस्य एक पंचमांशापेक्षा जास्त नकोत. ग्रीन कार्डधारक यात नागरिक धरले जात नाहीत, एच-1बी वाले तर नाहीतच. नऊ जणांच्या कार्यकारिणीत एकच बिगरनागरिक चालतो. दोन झाले की 22 टक्के आणि मर्यादा ओलांडली. आपल्या किती मंडळांची कार्यकारिणी या कसोटीला उतरेल, ते तुम्हीच मोजा.

दुसरी अडचण निवडणुकीची. दर वर्षा-दोन वर्षांनी अख्खी कार्यकारिणी बदलणं ही आपल्याकडे निरोगी लोकशाहीची खूण मानतात. आयोगाच्या दृष्टीने संचालक मंडळातलं बहुमत एकदम बदलणं म्हणजे परवान्याचं नियंत्रण हस्तांतरित होणं. त्यासाठी अर्ज करावा लागतो. जानेवारीत सत्ता बदलली, कुणी काही कळवलं नाही, आणि सहा वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी सगळं बाहेर आलं, अशी प्रकरणं आपल्या लोकांपुरती मर्यादित नाहीत. छोट्या ख्रिस्ती चर्चच्या स्टेशनांतही हेच होतं. उपाय सोपा आहे. रेडिओसाठी वेगळा न्यास काढा, त्यात सात किंवा नऊ विश्वस्त ठेवा, दर वर्षी त्यातले एक तृतीयांशच निवृत्त करा आणि नागरिकत्वाची अट घटनेतच लिहा. मंडळाचा अध्यक्ष पदसिद्ध विश्वस्त असेल, पण एकच. हा न्यास आत्ताच स्थापन करण्याला आणखी एक कारण आहे. राखीव पट्ट्यात, म्हणजे बिगरव्यापारी स्टेशनांसाठी ठेवलेल्या 88 ते 92 मेगाहर्ट्झमध्ये, एकाच जागेसाठी अनेक अर्ज आले तर गुण देऊन निवड होते, आणि सगळ्यात जास्त, म्हणजे 3 गुण, अर्जाआधी किमान दोन वर्षं त्या गावाच्या 25 मैलांत मुख्यालय असलेल्या स्थानिक संस्थेला मिळतात. ही दोन वर्षं नंतर विकत घेता येत नाहीत.

अर्ज केव्हाही करता येत नाही, हे बरेचदा उशिरा कळतं. आयोग मधूनच काही दिवसांसाठी खिडकी उघडतं. राखीव पट्ट्यातल्या पूर्ण ताकदीच्या नव्या स्टेशनांसाठी 2007 नंतर मोठी खिडकी उघडली ती थेट नोव्हेंबर 2021 मध्ये, तीही आठवडाभर, आणि एका अर्जदाराला दहा अर्जांची मर्यादा. कमी ताकदीच्या एफएमसाठी 2013 नंतर डिसेंबर 2023. खिडकी उघडल्याची बातमी वाचून जो अभियंता शोधायला निघतो, त्याचा अर्ज जात नाही. ज्यांचे जातात त्यांच्याकडे टॉवरमालकाचं संमतिपत्र, जागेचे अक्षांश-रेखांश आणि व्याप्तीचा, म्हणजे सिग्नल कुठवर पोचेल याचा, नकाशा आधीच तयार असतो. ख्रिस्ती नेटवर्कं इथेच बाजी मारतात : त्यांच्याकडे वर्षभर एवढंच काम करणारी माणसं असतात.

कमी ताकदीचं एफएम मंडळाला परवडण्यासारखं आहे. ताकद 100 वॅट, अँटेना सभोवतालच्या सरासरी जमिनीपेक्षा 30 मीटर उंच, चांगला सिग्नल साधारण 5.6 किलोमीटरपर्यंत. (भारतातल्या सामुदायिक रेडिओलाही 100 वॅट आणि 30 मीटरचीच मर्यादा आहे, फक्त तिथे उंची जमिनीपासून मोजतात.) 5.6 किलोमीटरच्या वर्तुळात एक गाव बसतं, फार तर दीड. के-लव्हसारख्या नेटवर्कला त्या वर्तुळातला कुणीही श्रोता चालतो. आपल्याला मराठी समजणाराच हवा. म्हणून हे गणित आधी नकाशावर करा : सभासदांचे पिनकोड मांडा आणि 5.6 किलोमीटरचं वर्तुळ फिरवून पाहा. जिथे आपली वस्ती दाट, तिथे हवाही दाट, हा यातला खरा पेच. न्यू जर्सीचा मध्यभाग न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या स्टेशनांमध्ये चेपलेला आहे, मोकळी वारंवारता सापडणं जवळजवळ अशक्य. शिवाय हा दर्जा दुय्यम असतो. पूर्ण ताकदीच्या स्टेशनने जागा बदलली आणि तुमचा त्याला त्रास होऊ लागला, तर वारंवारता तुम्ही सोडायची.

मग ही नेटवर्कं देशभर पसरली कशी? शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटचं डब्ल्यूएमबीआय 1926 पासून आहे. उपग्रह आल्यावर एकाच स्टुडिओतून अनेक गावांत कार्यक्रम पोचवायची वाट अशा संस्थांनी खुली करून घेतली. राखीव पट्ट्यातल्या बिगरव्यापारी ट्रान्सलेटरला, म्हणजे जास्तीत जास्त 250 वॅटच्या पुनर्प्रक्षेपकाला, तो मूळ स्टेशनच्याच मालकीचा असेल तर उपग्रहावरून कार्यक्रम घ्यायची मुभा आहे. व्यापारी पट्ट्यातल्या ट्रान्सलेटरला ती नाही. पुढे 2017 मध्ये आयोगाने प्रत्येक स्टेशनचा मुख्य स्टुडिओ गावाजवळ असण्याची अटच काढून टाकली. उरली ती फक्त स्थानिक किंवा टोल-फ्री फोन नंबरची अट. 2003 च्या खिडकीत तर ट्रान्सलेटरसाठी 13,000 च्या आसपास अर्ज पडले. त्यातले चार हजारांहून जास्त आयडाहोतल्या ट्विन फॉल्सच्या दोन संबंधित ख्रिस्ती संस्थांचे होते, आणि मिळालेले काही परवाने पुढे विकले गेले. यातून कमी ताकदीच्या स्टेशनांची झालेली कोंडी फोडायला जानेवारी 2011 मध्ये लोकल कम्युनिटी रेडिओ अ‍ॅक्ट करावा लागला. आज कमी ताकदीच्या स्टेशनांना जी काही जागा मिळते, ती त्या भांडणाची कमाई आहे.

ट्रान्समीटरच्या खोलीत काय बिघडतं, ते थोडक्यात. थंडीत अँटेनावर बर्फ जमतं, अँटेनाकडून ट्रान्समीटरकडे परत फिरणारी ताकद वाढते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो. श्रोत्याला वाटतं स्टेशन बंद पडलं. अँटेनावर आवरण किंवा हीटर हवा. उन्हाळ्यात वातानुकूलन बंद पडलं तर काही तासांत तीच गत. फोमऐवजी हवेची पोकळी असलेली केबल वापरत असाल तर तिच्यात कोरडी हवा किंवा नायट्रोजन दाबाखाली ठेवा, नाहीतर आत ओल धरते आणि ठिणगी पडते. उपग्रहावर अवलंबून असाल तर मार्च आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, दिवसातून काही मिनिटं, सूर्य नेमका उपग्रहामागे येतो आणि आवाज तुटतो. वेळ आधी काढता येते. त्या वेळेसाठी जागेवरच्या संगणकात ध्वनिमुद्रण ठेवा. आणि सी-बँडचा, म्हणजे उपग्रहाच्या डिश ज्या वारंवारतांवर कार्यक्रम घेतात त्या पट्ट्याचा, खालचा भाग 5जी फोनला गेल्यापासून जुन्या डिशला फिल्टर लागतो, तेव्हा कुणी फुकट डिश देतो म्हणाला तर आधी हे विचारा.

कागदपत्रांनी स्टेशनं जास्त मरतात, विजेने कमी. दर तासाच्या सुरुवातीला स्टेशनचं संबोधन (डब्ल्यूएमबीआयसारखी अक्षरं) आणि परवान्याचं गाव ओळीने बोलायचं, मध्ये भलतं काही नको. आपत्कालीन इशारा यंत्रणेची साप्ताहिक आणि मासिक चाचणी नोंदवायची. पूर्ण ताकदीच्या स्टेशनने गावाच्या प्रश्नांवर कोणते कार्यक्रम केले, त्याची यादी दर तिमाहीला, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या 10 तारखेपर्यंत ऑनलाइन चढवायची. परवाना आठ वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाला या याद्या तपासल्या जातात. सलग बारा महिने स्टेशन मूक राहिलं तर परवाना आपोआप संपतो. बांधकामाची परवानगी मिळाल्यापासून तीन वर्षांत हवेत जावं लागतं. पैसा जमवायला उशीर झाला, हे कारण चालत नाही.

संगीताबद्दल एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. अमेरिकेत हवेतल्या रेडिओला गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे भरावे लागतात, पण ध्वनिमुद्रणाच्या मालकाला काही द्यावं लागत नाही. तेच गाणं इंटरनेटवर वाजवलं की ध्वनिमुद्रणाचेही द्यावे लागतात. 2021 ते 2025 या काळात बिगरव्यापारी वेबप्रसारकाला एका वाहिनीमागे वर्षाला किमान 1,000 डॉलर होते, आणि त्यात महिन्याला 1,59,140 श्रोता-तास बसत. श्रोता-तास म्हणजे दहा जणांनी दोन तास ऐकलं तर वीस. एवढी मर्यादा मराठी वाहिनीला सहज पुरते. नवे दर पाहून घ्या.

नक्कल करू नये असंही या नेटवर्कांत आहे. 1959 पासून प्रसारण करणाऱ्या फॅमिली रेडिओची सगळी ओळख हॅरोल्ड कॅम्पिंग या एका आवाजाभोवती गुंफलेली होती. 21 मे 2011 ला जगाचा अंतिम निवाडा होईल, ही त्यांची भविष्यवाणी फसली, आणि 2011 ते 2013 च्या दरम्यान फिलाडेल्फिया, अ‍ॅनापोलिस आणि न्यूयॉर्क परिसरातली मोठी एफएम स्टेशनं विकली गेली. तुमच्या लोकप्रिय निवेदकावर कितीही जीव असो, देणगीदारांची यादी न्यासाच्या नावावर असू द्या. दुसरी गोष्ट एकसारखेपणाची. प्रॉव्हिडन्समध्ये ब्राउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेलं 95.5 हे स्टेशन 2017 मध्ये 56 लाख 30 हजार डॉलरना के-लव्हकडे गेलं, आणि तिथे आता देशभर वाजतं तेच वाजतं. खर्चाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे. पण मराठी स्टेशनचा सगळा उपयोगच ‘रविवारी शाळा बंद आहे’, ‘अमक्या हॉलमध्ये भजन आहे’, ‘तमक्या रस्त्यावर बर्फ आहे’ हे सांगण्यात आहे. उपग्रहावरून येणारं मराठी हवं असेल, तर ते फोनवर आजही फुकट मिळतं.

म्हणून पुढच्या बैठकीत ट्रान्समीटरचं दरपत्रक मागवू नका. तीन कागद टेबलावर ठेवा : बँक खात्यातून दरमहा देणगी वळती करायला सही केलेल्यांची यादी, विश्वस्तांची नावं आणि प्रत्येकापुढे नागरिकत्व, आणि सभासदांच्या पिनकोडांचा नकाशा. दरम्यान इंटरनेटवर रोज दोन तासांचा कार्यक्रम सुरू करा आणि वर्षभर चालवा. पहिली देणगी मोहीम येत्या शरदात घ्या, तीन दिवसांची. यादी 334 च्या जवळ गेली, की व्याप्तीचा अभ्यास आणि अर्ज यांचं पुढचं काम आमच्यासारखी माणसं करू शकतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
प्रसारण तंत्र आणि परवान्यांचं काम करणारे काही मराठी जन